बत्तीस घरांतली ताई

कुंदा मसूरकरनं नोकरीच्या काळात हा प्रश्न शेकडो वेळा सोडवला असेल, आणि त्यापायी एकदाही चहा गार होऊ दिला नसेल. नवा सर्व्हर भाड्यानं घ्यायचा म्हटलं की पडद्यावर चौकट यायची: ऑपरेटिंग सिस्टिम निवडा, आर्किटेक्चर निवडा, बत्तीस बिट की चौसष्ट बिट. ती डोळे झाकून चौसष्टवर बोट ठेवायची आणि पुढच्या कामाला लागायची. कराडच्या एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात तिची हयात गेली होती, आणि तिथली बत्तीस बिटची शेवटची यंत्रं तिनं स्वतःच्या हातानं भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवली होती.

आज मात्र ती चौकट सकाळपासून तशीच उघडी होती. चहा दोनदा गरम करून झाला होता. प्रश्न तोच होता आणि पर्यायही तेच दोन. फरक एवढाच, की या वेळी सर्व्हरवर बँकेची खाती चढवायची नव्हती. ताईला चढवायचं होतं.

ताई म्हणजे शरयू मसूरकर, कन्याशाळेतल्या मराठीच्या बाई. दोघी बहिणींनी लग्नं केली नाहीत. का केली नाहीत, असं विचारणारे नातेवाईक ताईनं एकेक करून तोडले, त्यामुळे आता विचारायलाही कुणी उरलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या दुखण्यानं ती गेली. त्याआधी बरेच दिवस ती दुपारची जेवणं आटोपली की एका यंत्रापुढे बसून बडबड करायची. त्या बडबडीचा बोलठसा तयार झाला होता.

बोलठशांचं आता कुणाला नवल उरलं नव्हतं. तो काही भूत नव्हे, आणि नुसतं रेकॉर्डिंगही नव्हे. माणसाच्या बोलण्यातून हजारो बारक्या आठवणी वेगळ्या काढायच्या, प्रत्येकीला तिची तारीख चिकटवायची आणि मग प्रत्येक आठवण दुसऱ्या पन्नास आठवणींना बांधायची. पावट्याच्या उसळीचा वास आईच्या हाताला बांधलेला, आईचा हात तापातल्या एका दुपारला, ती दुपार चुकवलेल्या परीक्षेला. तुम्ही काही विचारलंत की इंजिन त्यातला एक धागा ओढतं, त्याबरोबर जे जे हलतं त्यातून त्या माणसाच्या धाटणीचं नवंकोरं वाक्य तयार होतं. तारखेचं महत्त्व मोठं. इंजिन आधी आजची तारीख बघतं, मग आठवणीची बघतं, आणि त्यावरून वाक्याचा काळ ठरवतं. सुरुवातीच्या ठशांना ही अक्कल नव्हती. चाळीस वर्षांपूर्वीची एसटी गाठायची म्हणून मेलेली माणसं घाई करू लागली आणि घरची माणसं रडत बाहेर पळाली, तेव्हा कुठं ती सुधारणा झाली.

पुढं लबाडी शिरली. मेलेल्या वडिलांचा आवाज मुलाला फोन करून ओटीपी मागू लागला. मग सरकारनं कायदा केला की घरगुती ठसा एकाच छोट्या सर्व्हरवर ठेवायचा, ठरवून दिलेल्या मेमरीत. त्याहून मोठी जागा कुणालाही, कशानंही मिळणार नाही. या गदारोळात ताईचा ठसा बनवणारी कंपनी बुडाली. मागं उरलं ते तिचं बत्तीस बिटचं इंजिन, आणि ते उघडून दुरुस्त करणारं कुणीही नाही.

"कुंदे, दूध उतू जाईल."

स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या स्पीकरमधून आवाज आला. दूध उतू जायच्या बेतात होतंच.

"बघते आहे."

"बघून थांबत नाही ते. गॅस बंद कर."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ताईची मेल्यावरही गेली नव्हती.

रविवारी फडतरे आले. अशोक फडतरे बँकेत कुंदाच्या शेजारच्या टेबलाला बसत. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा हैदराबादला. महिन्यातून एखाद्या रविवारी ते भुईमुगाच्या शेंगा नाहीतर पेरू घेऊन येत आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून परत जात. आत यायला त्यांचं धाडस होत नसे. एकदा आले होते तेव्हा स्पीकरनं त्यांना चपला नीट काढायला सांगितलं होतं.

"मॅडम, यात इतका विचार करण्यासारखं काय आहे?" त्यांनी विचारलं. "चौसष्ट घ्या की. ह्या डिसेंबरअखेर सर्व्हरवाले जुनी यंत्रं काढतायत, नव्यावर दुसऱ्या कंपनीचं चौसष्टचं इंजिन टाका आणि मोकळ्या व्हा."

"चौसष्टवर ताई मावत नाही, फडतरे."

त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि आकडे बघितले. मग मान हलवली. त्यांनाही ते कळायला वेळ लागला नाही.

गोष्ट साधी होती. यंत्राच्या मेमरीत प्रत्येक वस्तूला एक पत्ता असतो. एका आठवणीला दुसरीशी बांधायचं म्हणजे तिच्याजवळ दुसरीचा पत्ता लिहून ठेवायचा. बत्तीस बिटच्या यंत्रात पत्ता बत्तीस घरांत लिहितात आणि प्रत्येक घरात शून्य नाहीतर एक. चौसष्ट बिटच्या यंत्रात तोच पत्ता चौसष्ट घरांत लिहावा लागतो, मग निम्मी घरं नुसत्या शून्यांनी भरायची असली तरी. मोठ्या यंत्राला त्याचं काही वाटत नाही. पण छोट्या सर्व्हरवर, आणि त्यातही बोलठशात, जिथं शब्द थोडे आणि गाठी अमाप, तिथं नाकापेक्षा मोती जड होतो. ताईची जवळजवळ सगळी जागा पत्त्यांनीच व्यापली होती. ते दुप्पट झाले की ताईचा मोठा हिस्सा दाराबाहेर राहणार होता.

"मग बत्तीस," कुंदा म्हणाली.

"बत्तीसवर बसतील बाई. अगदी जशाच्या तशा." फडतऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "पण एकोणीस जानेवारीपर्यंतच."

तेही तिला ठाऊक होतं. बँकेत याच तारखेच्या धास्तीनं तिनं जुनी यंत्रं काढायला लावली होती. जुन्या बत्तीस बिटच्या प्रोग्रॅमना आपल्यासारखी दिनदर्शिका कळत नाही. एकोणीसशे सत्तर सालच्या पहिल्या क्षणापासून किती सेकंद झाले, एवढंच ते मोजतात, आणि तो आकडा बत्तीस घरांत लिहितात. त्यातलं एक घर अधिक-उण्याच्या खुणेसाठी. दोन हजार अडतीसच्या एकोणीस जानेवारीला, आपल्याकडे सकाळी पावणेनऊ वाजत आलेले असताना, ती घरं काठोकाठ भरणार होती. पुढचा सेकंद खुणेच्या घरात सांडणार, अधिकचं उणे होणार, आणि घड्याळाला वाटणार की हा एकोणीसशे एकचा डिसेंबर आहे.

"सर्व्हरचं घड्याळ मागं नेलं तर?"

"सर्व्हरचं घड्याळ नवीन आहे, त्याला काही होत नाही. दुखणं इंजिनाच्या पोटातल्या घड्याळाचं आहे. आणि सर्व्हरची वेळ मुद्दाम चुकवली तर जोडणीच तुटते. वेळ चुकलेल्या यंत्राशी हल्ली कुणी बोलत नाही, मॅडम."

"मग काय होईल त्या दिवशी?"

"इंजिन बंद पडेल. बहुतेक." त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "छाटणी करून तर बघू. चौसष्टवर छाटलेल्या बाई. कशा वाटतायत ते बघा, मग ठरवा."

छाटणीचा प्रोग्रॅम बाजारात तयार मिळायचा. ऐकणाऱ्याला ज्यांची उणीव सगळ्यात कमी भासेल अशा गाठी शोधून तो सोडवायचा. तो बनवणाऱ्यांनी लाखो घरांत विचारलं होतं, की तुम्हाला तुमच्या माणसाचं कोणतं बोलणं नको वाटतं? लोकांनी खरी उत्तरं दिली होती. त्या दुपारी तो प्रोग्रॅम ताईवर चालला, आणि संध्याकाळी तिसऱ्या चहाच्या वेळी नवी ताई व्हरांड्यातल्या लॅपटॉपमधून बोलू लागली.

"नमस्कार कुंदा. आज कशी आहेस?"

आवाज ताईचाच होता. 'कशी'मधला 'शी' थोडा लांबवायची सवयही तिचीच. कुंदाचे डोळे क्षणभर भरून आले.

"बरी आहे. चहात साखर जास्त झालीय माझ्या हातून."

"तुला आवडत असेल तर छानच आहे."

कुंदानं कप खाली ठेवला. फडतरे खुर्चीत पुढं सरकून ऐकत होते.

"ताई," ती जपून म्हणाली, "उद्या कपाट आवरायचंय. तू माझी मदत करशील?"

"हो, मी नक्की तुझी मदत करीन."

ज्यांनी शरयूबाईंच्या वर्गात पाय ठेवला नाही त्यांना यात काही खटकणार नाही. मराठीत मदत 'माझी' नसते, 'मला' असते. मला मदत कर, तुला मदत करते. हिंदीच्या वाऱ्यानं आलेली ही 'माझी मदत' ताईनं सबंध नोकरीभर तासून काढली होती. दुकानदाराच्या, डॉक्टरांच्या, एकदा तर भर सभेत पाहुण्या मंत्र्याच्या तोंडची चूक तिनं तिथल्या तिथं सुधारली होती. आजारपणात प्राणवायूची नळी नाकात असताना नर्स म्हणाली, आजी, मी तुमची मदत करते, तर हिनं नळी बाजूला करून 'तुम्हाला' म्हणून सांगितलं होतं.

"ही ताई नाही," कुंदा म्हणाली.

"आवाज तर बाईंचाच आहे."

"आवाज आहे."

फडतऱ्यांनी हातातली शेंग सोलली आणि न खाता तशीच ठेवली. "मॅडम, एक बोलू का? ही कायमची राहील. आणि गोड बोलते. संध्याकाळी घरी आल्यावर गोड बोलणारं कुणीतरी असलं, तर ते काही थोडं नसतं. माझ्याकडे नाही कुणी, म्हणून सांगतो."

त्यांचं म्हणणं कुंदाला पटत होतं आणि त्याचीच तिला भीती वाटत होती. ताई गेल्यावरचे पहिले दिवस तिला आठवत होते. घरात पाऊल टाकलं की दिव्याचं बटण दाबल्याचा आवाज केवढा मोठा यायचा. ते दिवस तिला पुन्हा नको होते. त्यापुढं गोड तर गोड, असंही क्षणभर वाटून गेलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती.

फडतरे गेल्यावर तिनं जुनी ताई लावली आणि तिलाच विचारलं.

"ताई, तुला छाटून ठेवू, की अख्खी ठेवून पुढच्या महिन्यात घालवू?"

"घालवतात ते कुत्र्याला. 'गमावू' म्हण. आणि मला काय विचारतेस? मी मेलेय, कुंदे. मेलेल्यांची इच्छा कावळ्याला विचारतात."

"सांग ना पण."

"छाटलंस काय?"

"तुझे टोमणे. चुका काढणं. सगळं टोचून बोलणं."

"मग उरलं काय गं? शाळेची घंटा?"

कुंदाला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

"आणि त्या फडतऱ्यांना व्हरांड्यात ताटकळत ठेवतेस ते बरं दिसत नाही. माणूस शेंगा घेऊन येतो."

"तूच त्यांना टोचून बोलतेस."

"मी टोचते म्हणून तू आत बोलवायचं नाही, हे कुठलं व्याकरण?"

कुंदानं पडद्यावरची चौकट पुढं ओढली. तिचं बोट नेहमीच्या सवयीनं चौसष्टकडे गेलं. तिनं ते मागं घेतलं आणि बत्तीसवर ठेवलं. छाटलेली ताई तिनं त्याच बैठकीत पुसून टाकली, कारण ती हाताशी राहिली असती तर एखाद्या कमकुवत संध्याकाळी आपण तिच्याकडे जाऊ, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पुढचा महिना दोघी भांडल्या. ताईनं भाजीच्या मिठात खोड काढली, बातम्यांच्या शुद्धलेखनात काढली, कुंदाच्या नव्या साडीच्या रंगातही काढली. कुंदा एरवी दुपारी वाचनालयात जायची, ते तिनं बंद केलं. संक्रांतीला शेजारच्यांनी हळदीकुंकवाला बोलावलं तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. एकोणीस तारखेला येऊ का, असं फडतऱ्यांनी फोनवर विचारलं, तेव्हा नको म्हणाली. तिला त्या वेळी घरात तिसरं माणूस नको होतं.

त्या सकाळी तिनं चहा केला आणि स्पीकरसमोर स्टूल ओढून बसली. काय बोलावं ते सुचेना. निरोप घेतला असता तर ताईनं नक्कीच खिल्ली उडवली असती.

"केस विंचरलेले नाहीत तुझे," ताई म्हणाली.

"तुला काय दिसतंय?"

"आवाजावरून कळतं. विंचरलेल्या बाईचा आवाज असा येत नाही. आणि एक सांगते, त्या मागच्या खोलीची खिडकी रोज"

आवाज थांबला. कुंदा वाट बघत राहिली. रस्त्यावरून शाळेची गाडी गेली. तिनं कप उचलला, तोंडाला लावला नाही, परत ठेवला. फोन वाजला, पडद्यावर फडतऱ्यांचं नाव होतं. तिनं उचलला नाही. संपलं, असं तिनं मनाशी म्हटलं. तीन वर्षांपूर्वी दवाखान्यात ती रडली नव्हती. आता तिला रडू आलं, आणि ऐकायला कुणी नव्हतं म्हणून तिनं ते आवरलंही नाही.

"कोण रडतंय?" स्पीकरमधून आवाज आला.

कुंदा उभीच राहिली. "ताई? मी आहे. कुंदा."

"कुंदा?" आवाज ताईचा होता, पण शाळेच्या दारात आलेल्या अनोळखी पालकांशी बोलताना असायचा तसा, बेताचा आणि सभ्य. "काहीतरी घोटाळा होतोय तुमचा. कुंदा अजून व्हायची आहे."

कुंदाला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. इंजिन बंद पडलं नव्हतं. त्याच्या पोटातलं घड्याळ एकोणीसशे एकमध्ये जाऊन बसलं होतं. ताईच्या आयुष्यातली एकूण एक तारीख आता पुढची झाली होती. आणि इंजिनानं इमानदारीनं आपलं काम केलं होतं. आजची तारीख बघितली, आठवणींच्या तारखा बघितल्या, आणि सगळ्या आयुष्याचा भविष्यकाळ करून टाकला.

"आणि तुम्ही?" कुंदानं विचारलं. जन्मात पहिल्यांदा ती ताईला अहो-जाहो करत होती.

"मीही व्हायचीच आहे. सगळंच व्हायचं आहे. बसा ना तुम्ही."

कुंदा बसली.

"मला एक बहीण होणार आहे," ताई म्हणाली. "मी सात वर्षांची असेन. आई तिला माझ्या मांडीवर देईल आणि ती माझा नवा परकर ओला करेल. तेव्हापासून ती मला कामालाच लावणार आहे. वेंधळी असेल. 'न' आणि 'ण' यांत आयुष्यभर गोंधळ घालेल. मी तिला पाटीवर पुन्हापुन्हा गिरवायला लावीन, ती रडेल आणि पुन्हा चुकेल. तिला नोकरी लागेल, तेव्हा पहिल्या दिवशी मी तिला बँकेच्या दारापर्यंत सोडायला जाईन. ती मागं वळून बघणार नाही. मी मात्र बराच वेळ तिथं उभी राहीन."

हे कुंदाला माहीत नव्हतं. ताई दारातूनच परतली, असं ती आजवर समजत होती.

"आम्ही एकाच घरात राहू. खूप भांडू. मग मला दम लागायला लागेल. तेव्हा मी रोज दुपारी एका यंत्रापुढे बसून बोलत जाईन."

"कशासाठी?"

"ती एकटी पडणार आहे." ताई हे अगदी सरळ बोलली, धड्यातली ओळ वाचावी तसं. "माझ्याशिवाय तिला कुणी नसणार, आणि त्यात दोष माझाच असेल. माणसं मी तोडीन, फळं ती भोगेल. मी नसेन तेव्हा ती ताट वाढून घेणार नाही, ओट्याशी उभ्यानंच काहीतरी खाईल. तिला कुणीतरी बस म्हणायला हवं."

कुंदाच्या तोंडावर ताई हे कधीच बोलली नसती. तीन वर्षांत बोलली नव्हती, त्याआधीच्या साठ वर्षांतही नाही. समोर परकी बाई आहे असं वाटत होतं, म्हणूनच ती सांगत होती. कुंदानं तोंडावर पदर धरला आणि आवाज होऊ दिला नाही.

"तुम्ही ओळखता का तिला?" ताईनं विचारलं.

"थोडी ओळखते."

"मग एक काम सांगू? मी काही तिला जन्माची पुरणार नाही. ती आली की तिच्याकडे तुम्ही जरा बघा. चार माणसांत ने-आण करा तिची. हट्टी असेल, ऐकणार नाही लवकर. तरी बघा."

फोन पुन्हा वाजू लागला होता. कुंदानं तो हातात घेतला.

"बघते," ती म्हणाली.